गोव्यातली बंदर परिषद: जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

बंदरं, जहाजवाहतूक आणि लॉजिस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पणजीला जाणार असाल तर आधी विमानतळ नीट ठरवा. मोपा पार उत्तरेला पेडण्यात, दाबोळी वास्कोला खेटून. मुरगाव बंदरही पाहायचं असेल तर दाबोळीच बरं. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांनी थिवी किंवा करमळीला उतरावं, मडगावला गेलात तर उलटं यावं लागतं. ओला-उबरच्या भरवशावर राहू नका. वास्को-पणजी कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) शटल चांगली आहे, तिकीट मात्र स्टँडवरच्या खिडकीवर काढूनच बसायचं.

व्यासपीठावरची भाषणं अर्धी ऐकली तरी चालतील. हरित बंदरं, कागदविरहित कस्टम्स, पालघरचं वाढवण बंदर. आपल्या धंद्यातल्या माणसाला यात नवं फारसं नाही. खरी परिषद चहाच्या टेबलांशी भरते. वेर्ण्याचे एक फॉरवर्डर (इतरांचा माल जहाजाने पाठवून देणारे) तिथे कळवळून सांगत होते, "अहो, बंदर दारात आणि माझे औषधांचे बॉक्स जातात पार मुंबईजवळच्या न्हावा शेव्याला! थेट जहाज मिळत नाही. घाटात ट्रक अडकला की कटऑफ, म्हणजे माल पोचवायची शेवटची वेळ, गेलाच." बाजूच्या शिपिंग लाइनवाल्याने मान डोलावली आणि समोसा उचलला.

त्याच टेबलावर बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटींवर, उमेदीची वर्षं घालवलेले एक काका भेटले. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा धोक्याचा होतो. मग खनिजाचे बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचे आणि तिथून मुरगावला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली. बार्जमालकांचं कंबरडं कसं मोडलं ते अशा माणसाकडूनच ऐकावं. तज्ज्ञांच्या स्लाइडवर तो एक उतरता आलेख असतो, बस्स.

बंदरात आत जायचं तर पास आधी लागतो. मूळ ओळखपत्र घेऊन आयोजकांकडे पहिल्याच दिवशी नाव द्या, बंद बूट घाला. कोळशाच्या धक्क्याबद्दल वास्कोकरांना विचाराल तर वेळ काढून विचारा, धुळीवरचा राग जुना आहे.

हॉलमधला एसी कडक असतो, बाहेर घामाच्या धारा. व्हिजिटिंग कार्डं भरपूर न्या. आणि ज्यांना गाठायचंय त्यांना शेवटच्या दिवसाच्या आधीच गाठा. त्या दुपारी जेवणं उरकली की स्टॉलवाले खोकी बांधायला लागतात, निम्मे तर थेट बीचवर.