मिनोल्टाचं मीटर आणि फोर्टमधलं ते काउंटर

माझ्याकडे मिनोल्टा एसआर-टी १०१ हा फिल्मचा कॅमेरा आहे. १९६६ साली आलेलं हे मॉडेल आमच्या काकांनी मस्कतला नोकरीला असताना घेतलं होतं. शटर ठणठणीत, लेन्स स्वच्छ, फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा हलत नव्हता. तेवढ्यासाठी कॅमेरा फोर्टमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिला, आणि पुढे जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही.

काउंटरवरच्या माणसाने व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "मॅडम, फोटोसेल गेलाय. पार्ट मागवावा लागेल." फोटोसेल म्हणजे मीटरमधला उजेड टिपणारा भाग. पार्ट कुठून येणार, कितीला पडणार, काही नाही. पावतीवर नुसतं 'मीटर खराब'. मग माझे फोन सुरू झाले. "सोमवारी या." सोमवारी गेलं की "कारागीर गावाला गेलाय." पुढे "दिल्लीला एक माणूस आहे, त्याला विचारलंय." तेवढ्यात पावसाळा लागला. मुंबईच्या दमट हवेत चामड्याच्या केसमध्ये कोंडलेला कॅमेरा म्हणजे लेन्सवर बुरशी धरणार, म्हणून "दादा, निदान केसमधून बाहेर तरी काढून ठेवा" असं मी विनवलं. पुन्हा गेले तेव्हा तो केससकट खालच्या कप्प्यात, इतर कॅमेऱ्यांखाली दाबलेला. गणपती होऊन गेले तरी उत्तर तेच. शेवटी एकदा "पार्ट मिळत नाही मॅडम, शोपीस म्हणून ठेवा" असं सांगून कॅमेरा परत केला आणि वर चेकिंग चार्ज मागितला. घरी येऊन भिंगाखाली पाहिलं, तर तळाच्या स्क्रूंच्या खाचांत वर्षानुवर्षांचा मळ जसाच्या तसा भरलेला होता. त्यांनी तो उघडलाच नव्हता!

चीड येते ती याची, की या मॉडेलचा दोष कुठे आहे याचा अंदाज मिनिटभरात येतो. तळाशी गोल स्विच आहे, त्यावर ऑन आणि ऑफशिवाय बीसी, म्हणजे बॅटरी चेक आहे. बीसीवर फोटोसेलचा संबंध येत नाही, बॅटरीचा प्रवाह सरळ काट्याकडे जातो. चांगली बॅटरी घालूनही बीसीवर काटा ढिम्म असेल, तर फोटोसेलला दोष देण्यात अर्थ नाही. आधी बॅटरीचा कप्पा आणि तिथून निघणारी तार बघायची.

माझ्या कॅमेऱ्यात तेच निघालं. कधीतरी बॅटरी गळली होती आणि कप्प्याच्या तळाशी हिरवट खार जमला होता. तो पांढऱ्या व्हिनेगरात जेमतेम ओलावलेल्या इअरबडने निघाला. तारेचं टोक कापून पुन्हा डाग द्यायला गेले, तर कथील धरेना. आवरण सोलत गेले तसतसं आतलं तांबं काळंच काळं. खार आवरणाच्या आतून पार वरपर्यंत चढलेला असतो, म्हणून अख्खी तार बदलावी लागते. तळ उघडल्यावर बारीक दोऱ्या आणि कप्प्या दिसतील, त्यांना अजिबात धक्का लावू नका; मीटरची जुळणी त्यांच्यावर असते. नवी तार जोडली, बीसीवर स्विच फिरवला आणि काटा झर्रकन खुणेवर आला. मी मोठ्याने ओरडले, घरचे धावत आले.

बॅटरीचं आता सांगते. हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या पीएक्स६२५ साठी बनवलेला आहे. पारा विषारी म्हणून ती बॅटरी बंद झाली. दुकानदार त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन देतात. तिच्यावर मीटर उजेड जास्त दाखवतं, आणि जसजशी ती उतरते तसतशी चूकही बदलत जाते. निगेटिव्ह फिकी आली की लोक पुन्हा 'मीटर खराब' म्हणतात! त्यापेक्षा श्रवणयंत्रांच्या दुकानात ६७५ नंबरची, निळ्या पट्टीची झिंक-एअर बॅटरी मागा. ती साधारण १.४ व्होल्ट देते आणि संपेपर्यंत तेवढेच देत राहते. आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी रिंग घालावी लागते. पट्टी काढल्यावर दोनेक मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा. एकदा पट्टी काढली की ती वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपते, त्यामुळे रोल भरायच्या वेळीच उघडा.

मीटर बरोबर आहे का, हे स्वच्छ उन्हात तपासता येतं. फिल्म स्पीड १००, शटर १/१२५ ठेवून उन्हातल्या साध्या, ना फार गडद ना फार फिक्या भिंतीवर रोखा. लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ/१६ च्या आसपास असताना काटा जुळायला हवा.

आणि दुरुस्तीला देणारच असाल, तर आपल्या समोर तळ उघडायला सांगा, पावतीवर दोष आणि परत देण्याची तारीख लिहून घ्या. चेकिंग चार्ज मागितला, तर उघडून काय पाहिलं ते आधी विचारा.