नवरा एक भाषा बोलतो, बायको दुसरी: तुम्ही विचारलंत म्हणून

फ्रेंचच्या वर्गात कॅरिबियन बेटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तिथे म्हणे पुरुषांची भाषा वेगळी आणि बायकांची वेगळी होती. मग त्यांचे संसार चालायचे कसे?" विचारणाऱ्याने ती प्रसिद्ध गोष्ट ऐकलेली असते. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून कॅरिब लढवय्ये होड्या घेऊन आले, बेटांवरच्या आरावाक पुरुषांना त्यांनी मारून खाल्लं आणि बायका ठेवून घेतल्या. त्या बायका आपली भाषा बोलत राहिल्या, पुरुष आपली. तास संपायला पाचच मिनिटं उरलेली असतात, त्यामुळे माझं उत्तर नेहमी तोकडं पडतं. आज नीट सांगते.

ही गोष्ट अगदीच हवेतून आलेली नाही. रेमों ब्रेतों हा फ्रेंच पाद्री १६३५ साली ग्वादलूप बेटावर आला आणि पुढे अनेक वर्षं शेजारच्या डोमिनिका बेटावर कॅरिब लोकांमध्ये राहिला. त्यांचे पूर्वज किनाऱ्यावरच्या गालिबी लोकांतून आले, त्यांनी इथल्या पुरुषांना संपवलं आणि बायका राखल्या, असं तिथल्या म्होरक्यांनीच त्याला सांगितलं होतं. ब्रेतोंचा कोश १६६५ साली फ्रान्समध्ये ओसेर गावी छापला गेला. पानं उलटताना सारखी खूण दिसते: हा शब्द पुरुषांचा, हा बायकांचा. स्वतःच्या जमातीचं नावसुद्धा एक नाही. पुरुष म्हणायचे 'कालिनागो', बायका म्हणायच्या 'कालिपोनाम'.

पण कोशात थोडं खोल शिरलं की लक्षात येतं, पुरुषांची म्हणून जी भाषा सांगतात ती पुरती भाषा नव्हतीच. शब्द होते, व्याकरण नव्हतं. माझं म्हणायला 'न', तुझं म्हणायला 'ब', त्याचं 'ल', तिचं 'त', असं शब्दाच्या सुरुवातीला एकेक अक्षर लावायची आरावाक कुळातली रीत होती. ती बायकांची, आणि पुरुषांचीही तीच. पुरुषांनी एखादं कॅरिब क्रियापद घेतलं तर ते जसंच्या तसं ठेवायचे आणि शेजारी एक साहाय्यक क्रियापद चालवायचे. ते साहाय्यक क्रियापद बायकांच्या भाषेतलं. आपण 'कॅन्सल केलं', 'ॲडजस्ट करते' म्हणतो ना, अगदी तसं.

माझे बाबा मालवाहू जहाजावर होते. आठ-नऊ महिन्यांनी घरी यायचे आणि बोटीवरचे शब्द घेऊन यायचे. आई कधी बोटीवर चढली नाही. पण शेजारीण विचारायला आली की ती सहज सांगायची, "अजून साइनऑफ झाले नाहीत, रिलीव्हर आल्याशिवाय सोडतात होय!" शब्द बोटीवरचे, पण वाक्य रत्नागिरीचं. ब्रेतोंच्या कोशात पुरुषांचे शब्द वाचताना मला आईचं ते वाक्य ऐकू येतं. त्या बेटांवर मुलं आईजवळ वाढायची, तिची भाषा बोलायची. मुलगा मोठा होऊन पुरुषांत बसू लागला की वरून हे शब्द शिकायचा. तेव्हा संसार कसा चालायचा, याचं उत्तर सोपं आहे: घरात भाषा एकच होती, आईची.

मग पुरुषांकडे ते शब्द आले कुठून? डग्लस टेलर आणि बेरेन्ड हॉफ या दोन भाषाशास्त्रज्ञांनी १९८० साली जे मत मांडलं, ते मला पटतं. ते म्हणतात, हे शब्द विजेत्यांच्या मातृभाषेतून आले नसावेत. ते एका पिजिनमधून, म्हणजे देवाणघेवाणीपुरत्या तोडक्या बोलीतून आले असावेत. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला, गयानाच्या किनाऱ्यावर अशी बोली होती. कालिन्या लोकांची (फ्रेंच त्यांनाच गालिबी म्हणत) खरी भाषा तोडकी नाही. तिच्यात क्रियापद माणसाप्रमाणे बदलतं: सेनेया म्हणजे मी पाहतो, मेनेया म्हणजे तू पाहतोस, नेनेयान म्हणजे तो पाहतो. परक्यांशी बोलताना मात्र हे सगळं गळून पडायचं. एक ठरलेलं रूप घ्यायचं आणि सोबत 'आउ' म्हणजे मी किंवा 'आमोरे' म्हणजे तू जोडायचं, की झालं. १६५५ साली पियेर पेलप्रा या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने पॅरिसला गालिबी भाषेची ओळख म्हणून पुस्तक छापलं, त्यात हीच बोली आहे. आपण लोकांची भाषा शिकलो, असा त्याचा समज होता. त्याच्या हाती आली होती ती बाजारातली बोली.

तिच्यातला एक शब्द मला फार जवळचा वाटतो, 'बानारे'. फ्रेंचांनी त्याचा अर्थ 'मित्र' असा लिहिला. मूळ कालिन्या शब्द 'पावाना', म्हणजे ज्याच्याशी आपली देवाणघेवाण ठरलेली आहे तो माणूस. लोखंडी कुऱ्हाड, सुरी, मणी घ्यायचे आणि झोपायच्या झोळ्या, कसावा हा कंद द्यायचा. त्या व्यवहारात ज्याच्या घरी बिनधोक उतरता येतं, तो बानारे. हा शब्द बेटांवरच्या पुरुषांच्या बोलीतही सापडतो. नुसत्या लुटारूंच्या भाषेत असा शब्द कशाला रुजेल?

याचा अर्थ धाडी पडत नव्हत्या असं मी म्हणत नाही. १४९३ साली ग्वादलूपला बोरिकेनहून, म्हणजे आजच्या प्वेर्तो रिकोहून पळवून आणलेल्या बायका कोलंबसच्या जहाजांच्या आश्रयाला आल्या होत्या. त्यांचं दुःख खरं होतं. पण 'माणसं खाणारे कॅरिब' ही गोष्ट कुणाच्या सोयीची होती तेही सांगायला हवं. १५०३ साली स्पेनच्या राणी इसाबेलाने नरभक्षक ठरलेल्यांना पकडून गुलाम करायची मुभा दिली. ज्याला पकडायचं त्याला कॅरिब म्हटलं की काम झालं. म्हणून वर्गात कुणी ती गोष्ट चवीने सांगू लागलं की मला राहवत नाही.

डोमिनिकात बेटांवरची ही भाषा बोलणारी शेवटची माणसं १९२०च्या सुमारास गेली. सेंट व्हिन्सेंट बेटावर मात्र आफ्रिकेतून आलेल्या लोकांनी ती आपलीशी केली होती. इंग्रजांनी १७९७ साली त्यांना होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं. होंडुरास, बेलीझ, ग्वाटेमालाच्या किनाऱ्यावर त्यांचे वंशज आजही ती बोलतात. डोमिनिकातले लोक आज स्वतःला कालिनागो म्हणवतात, तो पुरुषांचा शब्द. होंडुरासकडच्या किनाऱ्यावरचे हे लोक म्हणवतात गारिफुना, आणि हे नाव बायकांच्या 'कालिपोनाम'च्या कुळातलं.

त्यांच्या गारिफुना भाषेत 'मी' म्हणायला आजही दोन शब्द आहेत: पुरुषांचा 'आउ', बायकांचा 'नुगुया'. आणि गारिफुना मूल आकडे मोजतं ते असे: आबान, बियामा, उरुवा, गादुरू, सेंगू, सिसी. पहिले दोन आरावाक कुळातले, तिसरा कॅरिब, आणि चारपासून पुढे फ्रेंच.