कर्फ्यूची दोन तिकिटं, एक मुलाला आणि एक मला

अमेरिकेत इलिनॉय राज्यात येऊन आम्हाला 9 वर्षं झाली पण 17 वर्षांखालच्या मुलांनी रात्री उशिरा बाहेर असणं इथे कायद्याने गुन्हा धरतात, त्यालाच कर्फ्यू म्हणतात, हे मला मागच्या जूनपर्यंत धड माहीत नव्हतं. कानावर आलं होतं, पण ते शिकागोसाठी असेल, आमच्या सबर्बमध्ये कोण विचारतंय असंच वाटायचं.

मंगळवार होता, शाळेला सुट्टी लागलेली. मुलगा 16 चा, मित्राकडे गेला होता, साडेदहाला घरी ये म्हणून बजावलं होतं. 10:52 ला त्याचा मेसेज आला, "निघतोय". मी वाचला, सकाळी 6 ची शिफ्ट होती म्हणून जरा आडवी झाले ती झोपलेच. 11:40 ला फोन वाजला, पोलीस बोलतोय म्हटल्यावर पोटात गोळाच आला, मला आधी अपघातच डोळ्यासमोर आला. नवरा बाहेरगावी, तशीच गाऊनवर जॅकेट घालून गाडी काढली. घरापासून चार ब्लॉकवर पोलिसांची गाडी उभी, लाल निळे दिवे समोरच्या गॅरेजच्या दारांवर फिरतायत, आणि हा फुटपाथच्या कडेला बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान खाली. "आई, अगं आम्ही नुसते बोलत उभे होतो" एवढंच म्हणाला.

ऑफिसर अजिबात उद्धट नव्हता. आधी वय आणि बाहेर असण्याचं कारण विचारलं होतं, तसं विचारणं त्याला कायद्यानेच बंधनकारक आहे हे नंतर कळलं. रविवार ते गुरुवार रात्री 11 नंतर आणि शुक्रवार-शनिवार रात्री 12 नंतर, सकाळी 6 पर्यंत बंदी. शिकागो शहरात तर 2022 पासून वीकेंडलाही 10 चाच कर्फ्यू आहे. सोबत आईवडील असतील, आपण काही कामाला पाठवलं असेल, जॉबवरून येत असेल, शाळेचा किंवा धार्मिक कार्यक्रम असेल, इमर्जन्सी असेल तर चालतं. स्वतःच्या घरासमोरच्या फुटपाथवर उभा असता तरी चाललं असतं! यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. एक तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, त्याला, एक मला.

ओळखीतले सगळे म्हणाले पैसे भर आणि मोकळी हो. राज्याच्या कायद्यात दंड 10 ते 500 डॉलर आहे, त्याऐवजी किंवा त्यासोबत कम्युनिटी सर्व्हिसही सांगू शकतात. भरलेही असते, पण माझ्या तिकिटाचा अर्थ असा होता की मी मुलाला जाणूनबुजून बाहेर राहू दिलं, आणि ते "जाणूनबुजून" मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हिअरिंग, म्हणजे सुनावणी, मागितलं.

महिन्याभराने तारीख लागली. टाऊनच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, एकेकाला जेमतेम पाच मिनिटं. मी मेसेजचे स्क्रीनशॉट छापून नेले होते (हे नक्की करा, फोन दाखवत बसू नका). हिअरिंग ऑफिसर बाईंनी "साडेदहाला घरी ये" हा माझा मेसेज वाचला, त्याचा 10:52 चा वाचला आणि विचारलं, तो निघाला म्हणाला, पोचला की नाही हे तुम्ही पाहिलंत का? मी सांगितलं, नाही, मला झोप लागली. त्या वेळी काहीतरी रचून सांगावं असं क्षणभर मनात आलं होतं, शेजारी मुलगा बसलेला होता म्हणून नाही सांगितलं. त्याने वर बघितलं माझ्याकडे.

माझं तिकीट रद्द झालं, कारण वेळ ठरवून दिली होती आणि तो बाहेर आहे हे मला माहीत होतं असं कुठे दिसत नव्हतं. त्याला दंड नाही, 8 तास कम्युनिटी सर्व्हिस. दोन शनिवार त्याने पार्कमधली झाडं लावायला मदत केली, कुरकुर न करता.

आता त्याचं लायसन्स येतंय. 18 च्या आत असताना गाडी चालवायची वेळ वेगळी आणि अजून कडक, रविवार ते गुरुवार रात्री 10 नंतर आणि शुक्रवार-शनिवार 11 नंतर नाही. दोन्ही वेळा त्याच्याच अक्षरात लिहून फ्रिजवर लावल्यात, आणि माझ्या फोनवर पावणेअकराचा अलार्म.