तुम्ही विचारलंत म्हणून: थॅलॅमस नुसता पोस्टमन आहे का?

रॅटच्या मिशीला काही लागलं की तो स्पर्श थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे जातो. मी काम करते ते या थॅलॅमसवर. व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच. परवा एमएस्सीच्या एका मुलाने विचारलं, त्याआधी घरी मावसभावाने. "मिशीकडून निघालेला स्पर्श शेवटी कॉर्टेक्समध्येच वाचला जातो ना? थॅलॅमस मधला पोस्टमन. मग त्याच्यावर सहा वर्षं कशाला घातलीस?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडं नसतं, हे मला कळतं. तरी दरवेळी चिडचिड होते. पहिली तीन वर्षं मीही हेच मानत होते, आणि ते मला महागात पडलं.

हा समज कुठून येतो तेही सांगते. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७० साली उंदराच्या कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात पेशींची गोल पिंपं दाखवली. प्रत्येक मोठ्या मिशीचं स्वतःचं पिंप. पुढे थॅलॅमसमध्ये आणि त्याच्याही खाली, मेंदूच्या देठात, मिश्यांचा तसाच नकाशा सापडला. एकच नकाशा तीन मजल्यांवर! मधल्या मजल्यावर काही घडत असेल असं वाटतच नाही.

पण ब्रूनो आणि साकमान यांनी २००६ साली रॅटमध्ये मोजलेलं बघा. थॅलॅमसच्या एका पेशीचा एक ठोका, म्हणजे तिने पाठवलेला एक विजेचा संदेश, कॉर्टेक्सच्या पेशीचा विद्युतदाब सरासरी अर्ध्या मिलिव्होल्टने हलवतो. तेवढ्याने ती पेशी पेटत नाही. तिच्यावर थॅलॅमसच्या साधारण ८५ पेशी येऊन मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी काही मिलिसेकंदांच्या आत एकदम बोलल्या तरच काम होतं. जरा रेंगाळल्या की दडपणाऱ्या पेशी दार लावून घेतात. शिवाय मिश्यांकडून थॅलॅमसला जितक्या जोडण्या येतात, त्याहून कितीतरी जास्त कॉर्टेक्सकडून उलट्या येतात. ज्याच्या नावाचं पत्र, तोच पोस्टमनला सतत काहीतरी सांगत बसलेला. हे सगळं मला पाठ होतं, आणि तरीही पुढचं घडलं.

तिसऱ्या वर्षातली पावसाळ्याची रात्र. युरेथेनची भूल दिलेला रॅट, सकाळपासून चाललेला प्रयोग, आणि साडेदहाच्या सुमारास इलेक्ट्रोडच्या टोकाला एकदाची थॅलॅमसची एक स्वच्छ पेशी लागली. सी-२ मिशीची, म्हणजे सी ओळीतल्या दुसऱ्या मिशीची. मिशी काचेच्या बारीक नळीत अडकवलेली, आणि नळी तिला सेकंदाला दहा वेळा जराशी ढकलायची. रॅट स्वतः मिश्या हलवतो तो साधारण याच वेगाने. पेशीचा आवाज स्पीकरवर लावला होता. पहिल्या धक्क्याला "टर्रर्", म्हणजे तीन-चार ठोके एकमेकांना चिकटून. पुढच्या धक्क्यांना जवळजवळ काहीच नाही. थांबून पुन्हा सुरू केलं की पुन्हा तसंच. वीस मिनिटं मी खुशीत नोंदी घेत होते.

मग, मी कशालाही हात न लावता, आवाज बदलला. टक्, टक्, टक्. प्रत्येक धक्क्याला एक. तीच पेशी, तीच मिशी, धक्काही तेवढाच. शेजारच्या स्क्रीनवर कॉर्टेक्सच्या गाढ झोपेतल्यासारख्या मोठ्या संथ लाटा विरून जागेपणासारखी बारीक थरथर उरली होती. ती मला दिसली. दिसूनही मी वहीत लिहिलं, "पेशी अस्थिर झाली. वगळली." आणि चालू असलेली फाइल अर्धवट म्हणून पुसून टाकली.

मला माहीत नव्हतं असं नाही. यानसेन आणि यिनास यांनी १९८४ साली गिनिपिगच्या थॅलॅमसच्या, बशीत जिवंत ठेवलेल्या पातळ कापांत हे दाखवलेलं आहे. पेशीचा दाब थोडा वेळ खाली राहिला की कॅल्शियमच्या ठरावीक वाहिन्या सज्ज होतात आणि पहिल्याच धक्क्याला ठोक्यांचा झुबका सुटतो. दाब वर असेल तर साधे एकेक ठोके. परीक्षेत हे लिहून मी मार्क मिळवले होते. पण ते कापांतलं, बशीतलं, असं मी धरून चालले होते. आणि पोस्टमनची बोली मध्येच बदलत नसते. बदलली तर भूल बिघडली असणार, नाहीतर इलेक्ट्रोड सरकला असणार.

थीसिस लिहिताना सरांनी सहज विचारलं, "वगळलेल्या पेशी किती? का वगळल्या?" मी वह्या काढल्या. "अस्थिर" शेऱ्याच्या चौदा पेशी निघाल्या. हिरव्या शाईत, खाली दोनदा रेघ ओढलेल्या; इतकी खात्री होती मला. त्यांतल्या अकरांच्या शेवटच्या फाइली पुसलेल्या. सर काही बोलले नाहीत. प्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात मीच लिहिलं होतं, की प्रत्येक प्राण्यापासून मिळेल तेवढी माहिती मिळवेन. माझ्या समजुतीत बसत नाही म्हणून मी ती टाकून दिली होती, आणि ते जीव तर गेलेच होते.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी भांडते. ती म्हणते, भुलेतल्या मेंदूवरून काय सिद्ध करतेस? जाग्या प्राण्यात झुबके फार कमी दिसतात. खरं आहे. मी तिच्यापुढे स्वॅडलो आणि गुसेव यांचं २००१ चं काम ठेवते. जागे ससे होते, आणि झुबक्यातला पहिला ठोका कॉर्टेक्सला एरवीच्या ठोक्यापेक्षा जोरात हलवत होता. आधीच्या शांततेत जोडणीला विसावा मिळालेला असतो. ती म्हणते, ससा म्हणजे रॅट नव्हे, आणि जोरात हलवलं म्हणजे काही सांगितलं असं होत नाही. झुबका म्हणजे "जागा हो, काहीतरी आलंय" अशी हाक आहे, असं मानणारे आहेत. मला ते मनापासून आवडतं, म्हणूनच मी स्वतःवर फार भरवसा ठेवत नाही.

परवाच्या त्या मुलाला मी वहीचं ते पान दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आधी काय बदललं? लाटा, की पेशी?"

ती फाइल असती तर त्याला सांगता आलं असतं.