गिरणीची जमीन

माझी पिठाची गिरणी आधी भाड्याच्या गाळ्यात होती. तिथली जमीन दिसायला गुळगुळीत, पण झाडू मारला की रोज करडी भुकटी निघायची. पाच वर्षं झाडली, संपली नाही. गिऱ्हाईक पीठ चिमटीत धरून दाताखाली घालून बघायचं. "भाऊ, कचकचतंय." जात्याला नवी टाकी लावलीय, म्हणजे दगडाला नव्या खाचा पाडल्यात, असं सांगून मी वेळ मारून न्यायचो. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी रस्त्याकडेला स्वतःची शेड बांधली तेव्हा पत्रा, दार, रंग सगळं भावावर सोडलं. जमिनीच्या कामाला मात्र मी स्वतः उभा राहिलो.

शेड २० बाय १५ फूट, जाडी ४ इंच. म्हणजे बरोबर १०० घनफूट, एक ब्रास काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन या मापानं २३ पोती सिमेंट, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी लागली. मिस्त्री म्हणाले, "जमिनीला एकास दोनास चार बास झालं, १८ पोत्यांत होतंय." पाच पोती वाचली असती, पण वर डाळीची, गव्हाची पोती आपटणार, ओढली जाणार. मी मानलं नाही.

खाली मुरूम थराथरानं, पाणी मारून धुमसला. आमच्याकडं तांबडा मुरूम सहज मिळतो, हे नशीबच. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीवर बांधणाऱ्यांना आधी ती माती उपसण्यातच निम्मा जीव घालावा लागतो. मुरमावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, फटीत मुरूम, त्यावर जाड प्लास्टिक. आमच्या बाजूला पावसाळ्यात ओल जमिनीतून वर चढते आणि पिठाला ती चालत नाही. गिरणीच्या मशीनचा पाया वेगळा घेऊन भोवतीनं थर्माकोलची पट्टी सोडली, नाहीतर मशीनचा हादरा सगळ्या जमिनीला बसतो.

फेब्रुवारीत सकाळी साडेसातला मिक्सर सुरू झाला. खरं भांडण पाण्यावरून, कारण ते जास्त झालं की काँक्रीट कमजोर. पोत्याला साधारण २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, म्हणून रंगाच्या डब्यावर रेघ मारून ठेवली होती. काँक्रीट घट्ट आलं की ओढणाऱ्याचे हात भरून येतात, त्याचंही बरोबरच आहे. "अण्णा, स्वल्प नीर हाक्री," म्हणजे थोडं पाणी घाला, असं बिगारी दर दोन फेऱ्यांनी म्हणायचा आणि मी "साक, साक", पुरे पुरे, करत डब्याजवळच बसून. दोन तासांत माझं कानडी तेवढ्या एका शब्दावर येऊन थांबलं.

अकराला ओतून, पट्टी ओढून लेव्हल झाली. आणि मग काहीच करायचं नव्हतं. हाच सगळ्यात अवघड भाग. वर पाणी सुटतं, जमीन आरशासारखी चमकते आणि गवंड्याचा हात शिवशिवतो. ते पाणी थापीनं परत आत घोटलं की वरचा पातळ थर कमजोर होतो. भाड्याच्या गाळ्यातली भुकटी तिथूनच आली असणार. कोरडं सिमेंट भुरभुरलं तर लगेच सुकल्यासारखं दिसतं, पण ती साय वेगळी बसते आणि पुढं पापुद्रे निघतात. आम्ही पश्चिमेच्या दारावर ताडपत्री बांधली, म्हणजे वाऱ्यानं वरची कातडी आधी तडकू नये. चमक गेली, पाय ठेवल्यावर जेमतेम पाव इंच ठसा उमटला, तेव्हा एक वाजत आला होता. मग लाकडी रंधा, थोडं थांबून लोखंडी थापी, पुन्हा थांबून पुन्हा थापी. आधी थापी चपचप वाजते. शेवटच्या हाताला तोच आवाज कोरडा, खणखणीत होतो. तो ऐकायला मी पाच वाजेपर्यंत थांबलो.

मधे एकदाच, वीसेक मिनिटं, जेवायला घरी गेलो. परत आलो तर दाराजवळच्या कोपऱ्यात मिस्त्रींनी सिमेंट भुरभुरून घोटूनही टाकलं होतं. "बघा की कसा चकाचक झालाय." खरंच, सगळ्या जमिनीत तोच कोपरा देखणा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटर आणून मधोमध उभी-आडवी रेघ कापली, एक इंच खोल. १० बाय साडेसातचे चार खण झाले. काँक्रीट आकसणार ते आकसणारच; तडा जायचाच तर त्या रेघेखाली जावा. वडील दारात येऊन उभे राहिले. "नवी जमीन कापायलास काय रे?" समजावून सांगितलं. हं म्हणाले आणि निघून गेले.

मग कडेनं मातीची आळी करून दोन इंच पाणी कोंडलं. सिमेंट पीपीसी होतं, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश पक्कं होणारं, म्हणून पूर्ण चौदा दिवस. मशीन महिन्यानंतर बसवलं.

दोन पावसाळे झाले. झाडू मारला तर पीठ निघतं, भुकटी नाही. तडा एकच आहे, केसाएवढा, आणि तो रेघेतच. दाराजवळच्या कोपऱ्यात मात्र हातभर जागेची सालपटं निघाली. तिथं मी रिकामी पोती रचून ठेवतो. वडील येतात, काठीनं पोती बाजूला सारून बघतात आणि म्हणतात, "तरी सांगितलं होतं, कापू नको म्हणून."