कर्नलमधला माझा पहिला पॅच

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काम करायचं तर आधी जाडजूड पुस्तकं संपवावी लागतात, असंच फोंड्यातले मित्र सांगायचे. डिचोलीचा आमचा एक सिनियर तेवढा वेगळं बोलला, "बाबा, स्वतः कम्पाइल केलेला कर्नल आधी बूट करून दाखव. वाचन त्याच्या जोडीने होतं." हा सल्ला मला लाखमोलाचा ठरला.

सगळी मॉड्यूल्स (कर्नलला हवे तेव्हा जोडता येणारे भाग) घेऊन बिल्ड लावला तर साध्या लॅपटॉपवर तासन् तास जातात. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही कमांड चालवली की आपल्या मशीनवर त्या वेळी लोड असलेलीच मॉड्यूल्स राहतात. पावसाळ्यात आमच्याकडे तारेवर झावळ पडली की वीज गेलीच. पण तयार झालेल्या ऑब्जेक्ट फायली मेक पुन्हा करत बसत नाही, राहिलं तिथून पुढे सुरू होतं. नवा कर्नल मी क्यूइमूतच, म्हणजे लॅपटॉपमधल्या एका आभासी संगणकातच, चालवायचो. पॅनिक आला, म्हणजे कर्नल कोसळला, तरी लॅपटॉप सुखरूप.

मग कर्नलच्या 'ड्रायव्हर्स/स्टेजिंग' या फोल्डरमधला कोड वाचायला घेतला. तो अजून सुधारायचाच असतो, म्हणून नवख्याला तिथे वाव मिळतो. नुसत्या स्पेस-टॅब नीट करून पॅच (कोडमधला बदल) पाठवायची रीत कळते, पण तेवढ्यावर थांबू नये असं माझं ठाम मत आहे.

एका ड्रायव्हरचं (उपकरण चालवणाऱ्या कोडचं) प्रोब फंक्शन, म्हणजे उपकरण सापडल्यावर ते सुरू करणारा भाग, वाचताना थबकलो. आधी केमॅलॉकने मेमरी घेतलेली, पुढे इंटरप्ट (उपकरणाचा प्रोसेसरला इशारा) मागितलेला, आणि तो मिळाला नाही की फंक्शन सरळ एरर परत करून मोकळं. घेतलेली मेमरी कोण सोडणार? कॉलेजात गोटू (कोडमध्ये थेट दुसऱ्या जागी उडी) म्हणजे पाप. कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये मात्र अशा जागी गोटूच सुचवलेला आहे: शेवटी एक लेबल, त्याखाली मेमरी सोडणारं केफ्री, आणि एररच्या सगळ्या वाटा तिथे येऊन मिळतात. बदल मोजक्या ओळींचा, पण तो समजला तेव्हा फार आनंद झाला.

खरा घाम निघाला कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप, लिहिताना. ओळ कधी, कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमने ती चूक कुठल्या कमिटमधून (नोंदवलेल्या बदलातून) आली ते शोधलं, 'फिक्सेस'च्या ओळीत त्या कमिटच्या हॅशची (ओळख-क्रमांकाची) पहिली 12 अक्षरं दिली, खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही माझ्या नावाची सही. पॅचच्या मांडणीतल्या चुका दाखवणारं चेकपॅच चालवलं, पॅच कुणाला पाठवायचा ते गेट-मेंटेनरने सांगितलं. गिट सेंड-ईमेलने तो साध्या मजकुरात गेला. अटॅचमेंट तिथे नको असते.

मेंटेनरने, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याने, विचारलं, ही मेमरी नेमकी कधी गळते ते मेसेजमध्ये लिहाल का? प्रश्न रास्तच होता. लिहिलं, तीन डॅशच्या खाली काय बदललं ते नोंदवलं आणि व्ही2 (पॅचची दुसरी आवृत्ती) पाठवला. नवं फीचर असतं तर दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोसाठी (नवे बदल घेण्याच्या काळासाठी) थांबावं लागलं असतं. ही दुरुस्ती होती, त्यामुळे चालू आवृत्तीच्याच एका आरसीत (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्तीत) गेली.

सध्या त्याच फोल्डरमधल्या इतर ड्रायव्हरांच्या एररच्या वाटा तपासतोय. गोव्यातलं आणखी कुणी या कामात असेल तर एकेक ड्रायव्हर वाटून घेऊ.