त्सुगश्पित्से: फटीपाशी अडलेली चढाई

मंडळी, जर्मनीतलं सर्वात उंच शिखर, त्सुगश्पित्से, झालं नाही. ह्योलेनटाल दरीतली हिमनदी चढून गेले, कातळावर आधारासाठी ठोकलेली लोखंडी तार हाताच्या अंतरावर दिसत होती, आणि तिथून शनिवारी परत फिरावं लागलं.

आधी आनंदाची गोष्ट. मागच्या खेपेला ज्या 'ब्रेट'वर पाय लटपटले होते, तो कातळ यंदा एकदाही न थांबता पार केला. पायाखाली खडकात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, त्याखाली मोकळी दरी. कॅराबिनर, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला जोडलेली खटक्याची कडी, पुढच्या तारेत 'टक्' वाजला की पुढचं पाऊल. ही लय सापडली आणि भीती गेली.

घात झाला तो हिमनदी आणि कातळ यांच्यामधल्या फटीपाशी. उन्हाळ्यात कातळ तापतो, कडेचा बर्फ वितळतो आणि फट रुंदावत जाते. बर्फाच्या काठावर पाय रोवून पलीकडे लांब टांग टाकायची असते. माझे भाड्याचे क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटाखाली बसवायचे लोखंडी काटे) सेमी-ऑटोमॅटिक निघाले. त्यांचा मागचा खटका अडकायला बुटाच्या टाचेला कडक खाच लागते, माझ्या बुटांना ती नाही. बूट दुकानात नेऊन दाखवले होते, तरी 'बसतात' म्हणून हातात ठेवले. चढावर टाच दोनदा सुटली, दोन्ही वेळा परत बसवली. तिसऱ्यांदा सुटली ती ऐन काठावर. टाचेभोवती स्लिंग, म्हणजे दोरपट्टीचा फास, आवळली आणि मैत्रिणीमागून पाऊल मोजत उतरले.

साध्या ट्रेकिंग बुटांना पुढे-मागे दोन्हीकडे पट्टे असलेलेच क्रॅम्पॉन घ्या. पट्टा न आवळता बूट उचलून जोरात हलवा. क्रॅम्पॉन लोंबला, तर तो तुमच्यासाठी नाही. आता मी स्वतःचेच विकत घेणार.

रविवारी पायथ्याच्या आयब्से तळ्याहून केबल कारने वर गेलो. 127 मीटर उंचीच्या एकाच मनोऱ्यावरून 1945 मीटरची चढण दहा मिनिटांत संपते. 2962 मीटरवरून खाली वाकून हिमनदीकडे बराच वेळ पाहिलं. कातळाच्या पायथ्याशी काळी रेघ होती आणि तिच्याशी माणसांचे ठिपके खोळंबले होते.

पुढचा बेत सप्टेंबरचा होता, पण तोवर फट आणखी उघडेल. त्यापेक्षा पुढच्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला, हिवाळ्यातला बर्फ फटीत असतानाच जावं. मात्र तेव्हा ब्रेटवरही बर्फ असू शकतो, म्हणजे आधी वाटेवरच्या हटवाल्यांना (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरवाल्यांना) फोन करायचा. आदल्या रात्री ह्योलेनटालआंगर हटवर मुक्काम, उजाडायच्या आत निघायचं. उतरताना राइनटाल दरीतला लांबलचक रस्ता चालायचा हट्ट होता, तोही सोडते. गुडघे चढाईसाठी राखायचे, खाली केबल कारनेच यायचं.